चाकावर बसलेला हायगेन्स

वर्तुळाकार गतीचं गणित आलं की आपण डोळे झाकून एम व्ही स्क्वेअर अपॉन आर लिहितो आणि मोकळे होतो. पण हे सूत्र न्यूटनच्या आधी क्रिस्तियान हायगेन्सने काढलं, 1659 साली. न्यूटन तेव्हा कॉलेजातसुद्धा गेला नव्हता!

हायगेन्सचा जन्म 14 एप्रिल 1629 रोजी हॉलंडमधल्या हेग शहरात झाला. वडील कवी आणि मुत्सद्दी. मुलगा लायडनला कायदा आणि गणित शिकला, पण रमला तो भिंगं घासण्यात. 1655 मध्ये स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून त्याला शनीचा चंद्र टायटन दिसला. पुढच्याच वर्षी त्याने लंबकाचं घड्याळ तयार केलं.

सूत्रासाठी त्याने एक भन्नाट कल्पना केली. एका मोठ्या फिरत्या चाकावर माणूस बांधलाय, त्याच्या हातात दोरी आणि दोरीला शिशाचा गोळा. दोरी सुटली तर गोळा स्पर्शरेषेत सरळ जाणार. पण चाकावरच्या माणसाला तो लांब पळताना दिसणार, आणि सुरुवातीला ते अंतर 1, 4, 9 असं वाढणार, अगदी वरून पडणाऱ्या दगडासारखं. म्हणजे दोरीचा ताण वजनासारखाच मोजता येतो! वेग दुप्पट केला तर ताण चौपट. वेग तोच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर ताण निम्मा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे सेंट्रिपिटल आणि सेंट्रिफ्युगल नुसते पाठ होते. मराठीत अभिकेंद्री आणि अपकेंद्री वाचलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक केंद्राकडे, दुसरं केंद्रापासून दूर. हायगेन्सने चाकावर बसून पाहिलं, न्यूटनने बाहेर उभं राहून. म्हणून पेपरात आधी ठरवायचं, आपण कुठे उभे आहोत. जमिनीवरून सोडवताना आकृतीत बाहेरचा बाण काढला, की गणित घसरलंच म्हणून समजा.

1673 च्या पुस्तकात हायगेन्सने या विषयावरची 13 प्रमेयं छापली, पण सिद्धता दिल्या नाहीत. 1687 मध्ये न्यूटनचा ग्रंथ आला आणि जग त्याचं झालं. 8 जुलै 1695 रोजी हायगेन्स गेला. सिद्धता छापल्या गेल्या 1703 मध्ये.

टायटनवर 14 जानेवारी 2005 रोजी उतरलेल्या यानाला त्याचंच नाव होतं. पण आपल्या वहीत त्याचं नाव कुठेच नसतं. उत्तर सगळ्यांच्या आधी आलं होतं, स्टेप्स तेवढ्या घरी राहिल्या. तेव्हा दोस्तहो, स्टेप्स लिहा!