कार्ल टेर्झागी : घसरत्या डोंगराची चाहूल घेणारा अभियंता

दरड कोसळली की दोष पावसाला दिला जातो. मात्र मुरलेले पाणी जमिनीत नेमके काय करते, याचे शास्त्रीय उत्तर कार्ल टेर्झागी यांनी दिले. मृदा यांत्रिकीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

टेर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. ग्राझमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या टेर्झागींनी १९१६ पासून इस्तंबूलमध्ये अध्यापन केले. तेथेच साध्या साधनांनी त्यांनी मातीवर प्रयोग केले. कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि उतार दुबळा होतो, हे त्यांच्या सिद्धान्तातून स्पष्ट झाले. १९२५ मध्ये त्यांचा मृदा यांत्रिकीवरील जर्मन ग्रंथ व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन केले.

उतार कोसळण्यापूर्वी हळूहळू सरकू लागतो, असे प्रतिपादन त्यांनी १९५० मधील भूस्खलनविषयक निबंधात केले. केवळ गणितावर न विसंबता प्रत्यक्ष निरीक्षणानुसार आराखडा बदलावा, असा त्यांचा आग्रह असे.

९ ऑक्टोबर १९६३ रोजी इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला. उसळलेल्या लाटेने सुमारे २००० बळी घेतले. त्या उताराची हालचाल तीन वर्षे मोजली जात होती. चूक झाली ती तिचा अर्थ लावण्यात. या दुर्घटनेनंतर १६ दिवसांनी, २५ ऑक्टोबर रोजी टेर्झागी यांचे अमेरिकेत निधन झाले. कॅनडातील एका धरणाला १९६५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.