बांधीतला चौकोन आणि भुकेची रेघ

बी.कॉम. असो की बीबीए, ‘क्वांटिटेटिव्ह मेथड्स’चा पेपर आला की वर्गातले अर्धे चेहरे उतरतात. सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, सॅम्पलिंग... सूत्रं पाठ करायची, पेपर काढायचा आणि निकाल लागला की विसरून जायचं. पण यातलं सॅम्पलिंग दर खरिपात आपल्या गोंदिया जिल्ह्यात, कुडव्यासारख्या शहराला लागून असलेल्या गावांपासून थेट देवरी-सालेकसाच्या टोकापर्यंत, प्रत्यक्ष बांधीत उतरतं. धान कापणीला आला की तलाठी किंवा कृषी सहायक दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन निवडलेल्या शेतात जातात. मोजून एक चौकोन आखतात. तेवढाच धान कापायचा, झोडायचा, उफणायचा, वजन करायचं आणि आकडा लिहून न्यायचा. हा झाला पीक कापणी प्रयोग. जिल्ह्यात एकरी धान किती पडला आणि विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे अशा चौकोनांच्या सरासरीवर ठरतं.

तो चौकोन कोणत्या शेतात आखायचा आणि केवढा आखायचा, याचं शास्त्र आपल्या देशात रुजवणाऱ्यांत एक मराठी माणूस आघाडीवर होता. त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

बुध ते लंडन

सुखात्म्यांचा जन्म 27 जुलै 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1932 मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. स्टॅटिस्टिक्स शिकायला त्या वेळी जगात यापेक्षा भारी जागा नव्हती. रोनाल्ड फिशर तिथे होते, इगॉन पिअर्सन होते, थोड्याच दिवसांत जर्झी नेमनही आले. आज तुमच्या पुस्तकात हायपोथेसिस टेस्टिंगच्या धड्यात जी नावं येतात, ती माणसं एकाच इमारतीत बसत होती आणि आपसात कडाडून भांडतही होती. नेमन यांनी 1934 मध्ये सॅम्पलिंगवर एक महत्त्वाचा निबंध मांडला. लोकसंख्येचे सारखे-सारखे गट पाडा आणि प्रत्येक गटातून नमुना घ्या, ही स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंगची पद्धत त्यातून पक्की झाली. तरुण सुखात्म्यांनी हाच धागा पकडून काम केलं आणि 1936 मध्ये पीएच.डी. मिळवली.

परत आल्यावर नोकरीसाठी ते बनारस हिंदू विद्यापीठात पंडित मदनमोहन मालवीयांना भेटले. या भेटीची गोष्ट पुढे अनेकदा सांगितली गेली. देशातली माणसं अर्धपोटी झोपतात, त्यावर तुमच्या या शास्त्राचा उपयोग काय, अशा अर्थाचं काहीतरी मालवीयांनी विचारलं म्हणे. नेमके शब्द काहीही असोत, सुखात्म्यांचं पुढचं सगळं आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरलं, एवढं खरं.

नजरेचा अंदाज की दोरीचं माप?

कलकत्त्यात सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत थोडा काळ शिकवून 1940 मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले. तेव्हा पिकाचा सरकारी आकडा कसा निघायचा? गावचा पटवारी उभ्या पिकाकडे बघून सांगायचा, औंदा बारा आणे, औंदा दहा आणे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. हा अंदाज ठरीव उत्पन्नाशी गुणला की झाला आकडा तयार. पटवारी जितका सावध, तितकं पीक कमी दिसायचं. 1943 मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. देशात धान्य नेमकं किती आहे, हेच कुणाला खात्रीने सांगता येत नव्हतं.

सुखात्म्यांनी आणलेली पद्धत ऐकायला साधी आहे. आधी गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, मग गावातली शेतं, मग शेतातली जागा. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, रँडम नंबरच्या तक्त्यात जितका आकडा येईल तितकी पावलं लांबीत, तितकी रुंदीत चालायची आणि जिथे पोहोचू तिथून चौकोन आखायचा. पीक चांगलं दिसतंय म्हणून इकडे सरक, पडलंय म्हणून तिकडे सरक, असं चालणार नाही. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान बघणारा व्यापारीही नमुनाच घेतो. पण कोणतं पोतं आणि पोत्यात कुठे, हे तो स्वतःच ठरवतो. सुखात्म्यांनी ते ठरवणं माणसाच्या हातातून काढून घेतलं. बाकी काम मात्र माणसांकडेच ठेवलं. त्यासाठी वेगळी फौज उभी न करता महसूल आणि शेती खात्याच्या गावपातळीवरच्या नोकरांनाच प्रशिक्षण दिलं. तलाठी आजही बांधीत उतरतो तो त्यामुळेच.

महालनोबिसांशी वाद

याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसही पिकांची सर्वेक्षणं करत होते. त्यांची माणसं खास प्रशिक्षित होती आणि कापणीचे तुकडे छोटे, गोलाकार असायचे. छोटा तुकडा लवकर कापून होतो, खर्च कमी, मग जास्त शेतं बघता येतात. हिशेब चुकीचा नव्हता. पण 1946 मध्ये सुखात्म्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगून दिसतं.

का, ते स्वतः करून बघा. समजा, 1 मीटर बाय 1 मीटरचा तुकडा आखला. क्षेत्र 1 चौरस मीटर आणि कड 4 मीटर. आता 10 बाय 5 मीटरचा घ्या. क्षेत्र 50 चौरस मीटर आणि कड 30 मीटर, म्हणजे एका चौरस मीटरमागे कड फक्त 60 सेंटीमीटर. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा छोटा असेल तर अशा आत ओढलेल्या झाडांचा वाटा मोठा होतो. ही चूक नमुने वाढवून जात नाही, कारण दर वेळी ती एकाच बाजूला होते. पुस्तकात ‘सॅम्पलिंग एरर’ आणि ‘बायस’ यांतला फरक शिकवतात, तो हाच.

त्यांच्या हाताखालच्या सांख्यिकी शाखेतून पुढे दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली. व्ही. जी. पानसे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं 1954 चं पुस्तक कृषी महाविद्यालयांतली पोरं आजही ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखतात.

जगाच्या भुकेची मोजदाद

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत ते 1951 मध्ये रुजू झाले आणि पुढची सुमारे 20 वर्षं रोममध्ये तिच्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. तेव्हा जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं सर्रास बोललं जायचं. सुखात्म्यांनी 1961 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वेगळा हिशेब मांडला. पोटाला पुरेसं न मिळणारे 10 ते 15 टक्के. त्यात निकस आहाराचे बळी धरले तर जवळपास निम्मं जग. उपाशी असणं आणि निकस खाणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. या कामासाठी सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं (गायीशी संबंध नाही, हे विल्यम गाय नावाच्या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाचं पदक).

साठच्या दशकात आणखी एक हवा होती. गरीब देशांची खरी अडचण प्रोटीनची आहे, तेव्हा प्रोटीनची पावडर, बिस्किटं वाटा. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराचे आकडे तपासले. वरण-भात किंवा डाळ-भाकरी पोटभर खाणाऱ्याला प्रोटीन बहुतेक वेळा त्यातूनच पुरतं. जेवणच कमी पडलं तर आतलं प्रोटीनही शरीर इंधन म्हणून जाळतं. आधी ताट भरा, असा त्याचा अर्थ होता.

रेघ कुठे मारायची?

निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले. 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा गरिबीवरचा गाजलेला अभ्यास आला. माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी त्यांची रेघ होती.

सुखात्म्यांचा आक्षेप या रेघेच्या जागेवर होता. सरासरी गरज म्हणजे काही प्रत्येकाची गरज नव्हे. सगळी माणसं ठणठणीत असली तरी निम्मी सरासरीच्या खालीच राहणार. शिवाय एकाच माणसाचं खाणंही दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होतं आणि शरीर त्याच्याशी जमवून घेतं. म्हणून सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करा आणि त्याखालच्यांना उपाशी म्हणा, असं त्यांनी सुचवलं. गणित करून बघा. समजा, सरासरी 2400 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन 360. रेघ येते 1680 वर. तुमच्या वहीत ही एका ओळीची वजाबाकी आहे, पण देशाच्या कागदावर तेवढ्यात कोट्यवधी माणसं उपाशींच्या यादीतून बाहेर जातात.

म्हणूनच वाद पेटला. दांडेकर आणि आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी जोरदार विरोध केला. कमी खाऊन माणूस जगतो, पण कशाच्या बदल्यात? वजनाच्या, उंचीच्या, कामाच्या ताकदीच्या. दिवसभर कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाईचं खाणं कमी असेल, तर तो शरीराचा सहज चढ-उतार आहे की डब्यात तांदूळच नाही, हे स्टँडर्ड डेव्हिएशन सांगू शकत नाही. हा आक्षेप वजनदार होता आणि आजही आहे. दुसरीकडे सुखात्मे सांगत होते की अन्न पोटात जाऊनही घाण पाण्यामुळे, जुलाबामुळे अंगी लागत नाही, तर नुसत्या कॅलरी मोजून काय होणार? इंद्रायणी नदीच्या परिसरात त्यांनी आरोग्य आणि स्वच्छतेवर प्रत्यक्ष काम सुरू केलं ते यासाठीच.

28 जानेवारी 1997 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वाद मिटला नाही, पण अन्न आणि शेती संघटना आज उपाशी लोक मोजते तेव्हा सरासरी गरजेऐवजी किमान गरजेची रेघ धरते, आणि त्या पद्धतीची मुळं सुखात्म्यांच्या मांडणीत आहेत. गंमत म्हणजे 29 जूनला, महालनोबिसांच्या जन्मदिनी, देशात सांख्यिकी दिन साजरा होतो. सुखात्म्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच दिवशी जाहीर होतो.

परीक्षेत स्टँडर्ड डेव्हिएशनचा प्रश्न पाच-दहा मार्कांचा असतो आणि उत्तर एकच बरोबर असतं. बाहेर मात्र तेच सूत्र वापरून दोन विद्वान दोन टोकांना जाऊ शकतात. चौकोन केवढा आखायचा आणि रेघ कुठे मारायची, हे सूत्र कधीच ठरवत नाही, माणूस ठरवतो. यंदा दिवाळीच्या सुमारास कुडव्याकडे किंवा तुमच्या गावाकडे बांधीत दोरी ताणलेली दिसली, तर दोन मिनिटं थांबा. सुरुवात नैऋत्य कोपऱ्यातून झाली का, पावलं तक्त्यातल्या आकड्यांनी मोजली का, कडेवरचं झाड कुठे गेलं, एवढं विचारायला पेपरातला सॅम्पलिंगचा धडा पुरेसा आहे. त्या चौकोनावर कुणाच्या तरी वर्षाचा हिशेब टिकून असतो.