घरातले यंत्र आणि दादासाहेब फाळके

नाशिक रोडचे नाव निघाले की रेल्वे स्थानकापाठोपाठ आठवते ते तेथील प्रतिभूती मुद्रणालय. देशाची टपाल तिकिटे छापणारा कारखाना म्हणून त्याची ख्याती आहे. १९७१ मध्ये टपाल खात्याने ज्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे याच जिल्ह्याचे सुपुत्र आणि एके काळचे मुद्रक. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु परदेशातून आणलेले यंत्र घरात स्वतः उभे करणारे, बिघाडाचे कारण शोधणारे आणि घरच्या माणसांना त्या कामात तयार करणारे कारागीर फाळके तितकेसे परिचित नाहीत.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरच्या एका विद्वान, संस्कृतज्ञ घराण्यात त्यांचा जन्म झाला. शास्त्रीबुवांच्या या मुलाचा ओढा मात्र हातांनी करावयाच्या कामाकडे होता. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण अशा अनेक विद्या आत्मसात केल्या. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावल्याने तो संसार मोडला. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई त्यांच्या आयुष्यात आल्या. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे कोरण्याचा आणि छपाईचा उद्योग उभारला, पुढे तो दादरला हलविला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशीत त्यांना आपल्याच छापखान्यातून बाहेर पडावे लागले.

१९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर राम आणि कृष्ण आणण्याच्या ध्यासाने त्यांना तेथेच पछाडले. घरी एक लहानसे यंत्र आणून ते मेणबत्तीच्या उजेडात फिल्मचे तुकडे भिंतीवर पाहू लागले. रोज अनेक तास चाललेल्या या अभ्यासाने आणि जागरणाने त्यांची दृष्टी गेली. वेळीच उपचार झाले म्हणून ती परत आली. ज्याचा सारा व्यवसाय डोळ्यांवर उभा, त्याने केवढी जोखीम पत्करली होती, याची कल्पना यावरून यावी.

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट तयार होताना पाहिला. सुमारे ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि छिद्रण यंत्र मागविले आणि एप्रिलमध्ये ते परतले. यंत्र बिघडले तर बोलावण्याजोगा जाणकार त्या काळी मुंबईत मिळणे अवघडच होते. जे काही करायचे ते दादरच्या घरातच.

त्या यंत्रांचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे या कामाची अवघडता कळते. कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे म्हणजे सोळा चित्रे. हाताचा वेग चुकला की पडद्यावरची माणसे एकदा धावू लागत, एकदा रेंगाळत. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रेही नसत. ती अंधाऱ्या खोलीत, चाचपडत, यंत्राने पाडावी लागत. त्यांतील अंतर किंचित चुकले की चित्र पडद्यावर थरथरे. उजेडाची एक तिरीप आत आली की सारी फिल्म वाया. मग दोष कॅमेऱ्याच्या दातऱ्यांत आहे, छिद्रांत आहे, की धुण्याच्या रसायनांत, हे एकेक शक्यता बाजूला सारत शोधावे लागे. जुने यंत्र घरी सांभाळणाऱ्यास आजही हाच मार्ग धरावा लागतो.

ही परीक्षा त्यांनी एका कुंडीवर घेतली. वाटाण्याचे रोप उगवताना रोज थोडेथोडे चित्रित करून त्यांनी महिन्याभराची वाढ क्षणभरात पडद्यावर दाखविली. यंत्र बिनचूक चालते याची ती खात्री होती आणि भांडवल देणाऱ्यांसाठी पुरावाही.

या यंत्रघराचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे सरस्वतीबाई. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळायचा, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवायचा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडायची, फिल्म धुवायची, ही कामे त्यांनी केली. कॅमेरा चालविण्याचे काम फाळक्यांनी आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना शिकविले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावर जे दिसले ते बव्हंशी एका घराचे श्रम होते.

त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. गोदावरीचा घाट, जुने वाडे आणि भोवतालचे डोंगर हाच त्यांचा स्टुडिओ झाला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट येथे झाले. १९१४ मध्ये ते चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिकडे काम करण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. ते परतले आणि महायुद्ध पेटले, भांडवलाची व्यवस्था कोलमडली. तरीही १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने अमाप यश मिळविले. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी काढला. आपली विद्या झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली आणि घरचा उद्योग भागीदारांचा झाला. ‘कालियामर्दन’सारखे यश मिळूनही मतभेद विकोपाला गेले. ते काशीला निघून गेले, नाटक लिहिले, काही काळाने परतले. मात्र पूर्वीची मोकळीक परतली नाही. तोवर बोलपटाचे युग उजाडले. ‘सेतुबंधन’ मुका तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रसामग्री घरातल्या अंधाऱ्या खोलीत मावणारी नव्हती. तिला स्टुडिओ हवा होता, तंत्रज्ञांचा ताफा हवा होता, पैसा हवा होता. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो कोल्हापुरात दुसऱ्यांच्या स्टुडिओत, दुसऱ्यांच्या यंत्रांवर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांनी डोळे मिटले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

पुढे १९६९ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक उभे राहिले. गौरव झाला, तो उशिरा. परंतु हाताशी जाणकार नसताना, गहाणाच्या पैशातून आणलेले यंत्र एका कुटुंबाने रात्री जागवून चालते ठेवले, म्हणून पुढच्यांना स्टुडिओ उभारता आले. फाळक्यांचे स्मरण करताना त्या अंधाऱ्या खोलीचे आणि तीत छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंच्या हातांचेही स्मरण व्हावे.