जॉन केंड्र्यू

सर जॉन काउडरी केंड्र्यू (२४ मार्च १९१७ – २३ ऑगस्ट १९९७) हे ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ होते. क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने त्यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची त्रिमितीय संरचना उलगडली. अशा रीतीने संरचना ज्ञात झालेले हे पहिलेच प्रथिन होय. या कार्यासाठी १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व माक्स पेरुट्झ यांना विभागून देण्यात आले.

प्रारंभिक जीवन

केंड्र्यू यांचा जन्म ऑक्सफर्ड येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून त्यांनी १९३९ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली व रासायनिक विक्रियांच्या गतीवर संशोधन सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रडारविषयक व हवाई दलासाठी संशोधनकार्य केले. याच काळात जे. डी. बर्नाल व लायनस पॉलिंग यांच्याशी झालेल्या चर्चांमुळे ते प्रथिनांकडे वळले.

मायोग्लोबिनवरील संशोधन

१९४६ मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पेरुट्झ यांच्यासोबत काम करू लागले. स्फटिकशास्त्र त्यांना नवे होते. ते त्यांनी प्रत्यक्ष काम करतच आत्मसात केले. पेरुट्झ यांच्या हिमोग्लोबिनपेक्षा सुमारे चौपट लहान असलेले मायोग्लोबिन त्यांनी अभ्यासासाठी निवडले. स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या या प्रथिनात १५३ अमिनो आम्ले असतात. घोड्याच्या मायोग्लोबिनचे स्फटिक फार लहान निघाले. दीर्घकाळ पाण्याखाली राहणाऱ्या प्राण्यांच्या स्नायूंत ते विपुल असते, हे लक्षात घेऊन त्यांनी स्पर्म देवमाशाचे मांस वापरले आणि मोठे, सुबक स्फटिक मिळवले.

छायाचित्रातील ठिपक्यांवरून विवर्तित किरणांची तीव्रता कळते, कला मात्र कळत नाही. १९५३ मध्ये पेरुट्झ यांनी स्फटिकात जड अणू बसवून ही अडचण दूर करण्याचा मार्ग दाखवला. मायोग्लोबिनमध्ये पारा सहज जोडला जाईल असा गंधकयुक्त गट नसल्याने केंड्र्यू यांना अनेक संयुगे आजमावावी लागली. गणनेसाठी त्यांनी एडसॅक संगणकाचा उपयोग केला. १९५७ मध्ये ६ अँगस्ट्रॉम विभेदनाची पहिली प्रतिकृती तयार झाली. तिची वेडीवाकडी, सममितिहीन घडण अनपेक्षित होती. १९५९ मध्ये २ अँगस्ट्रॉम विभेदन गाठल्यावर पॉलिंग यांनी वर्तवलेली अल्फा-सर्पिल रचना प्रत्यक्ष दिसली.

उत्तरायुष्य

१९५९ मध्ये सुरू झालेल्या जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी या नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक होते. १९७४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. हायडेलबर्ग येथील युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचे ते पहिले महासंचालक होते. १९९७ मध्ये केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.