पुस्तकांसाठी कायदा मागणारा ग्रंथपाल

येरमाळा म्हटले की आठवते ती येडेश्वरीची चैत्री यात्रा. या गावाचा मद्रासच्या एका ग्रंथपालाशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. पण उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, १९५५ साली, तिथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. असा कायदा हवा, हा ध्यास देशाला लावला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी.

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवडाभरात कंटाळले. वाचक फिरकत नाहीत, बोलायला माणूस नाही. पुन्हा वर्गावर घ्या म्हणून ते कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला शिकून तर या, अशी समजूत घालून त्यांना परत पाठवण्यात आले. तिथे सार्वजनिक ग्रंथालयांतून कामकरी माणसे आणि पोरेबाळे हक्काने वाचत बसलेली त्यांनी पाहिली, आणि १९२५ साली परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊनच. कपाटे वाचकांना खुली केली. पुढे १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण दिले.

हे सारे ग्रंथपालांच्या अभ्यासक्रमात आहेच. मला मोठा वाटतो तो त्यांचा दुसरा हट्ट. पुस्तके ही दात्याच्या मर्जीवर राहू नयेत, त्यासाठी कायदा हवा आणि घरपट्टीसारख्या करांवर छोटासा ग्रंथालय उपकर हवा, असे ते म्हणत. १९३० साली बनारसच्या शिक्षण परिषदेत त्यांनी कायद्याचा नमुना मसुदा मांडला. ना आमदारकी, ना पक्ष. हाती फक्त मसुदा आणि चिकाटी. मद्रासचा कायदा व्हायला १९४८ साल उजाडले. अठरा वर्षे! तोवर ते दिल्ली विद्यापीठात गेले होते. नंतर आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी; नाव पत्नीचे, शारदाबाईंचे.

महाराष्ट्राने १९६७ साली स्वतःचा कायदा केला आणि मराठवाड्यातला हैदराबादचा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात उपकर नव्हता. ग्रंथालये संस्थांनी चालवायची, सरकारने वर्ग पाडून अनुदान द्यायचे, अशी ही रचना. त्यामुळे लहान गावचा ग्रंथपाल आजही अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतो. रंगनाथन तेव्हा बंगळूरला होते, पंचाहत्तरीचे. २७ सप्टेंबर १९७२ रोजी ते तिथेच वारले.