विधवेचा वाटा आणि युनोची खुर्ची

१४ जानेवारी १९४४ रोजी लखनौमध्ये रणजित सीताराम पंडित यांचे निधन झाले. तुरुंगातून ते आजारी होऊनच बाहेर आले होते. मागे पत्नी आणि तीन मुली. मुलगा नाही, मृत्युपत्रही नाही. पत्नी साधीसुधी नव्हती. ती मोतीलाल नेहरूंची कन्या होती, जवाहरलाल नेहरूंची बहीण होती आणि संयुक्त प्रांताची माजी मंत्री होती. तरीही पंडितांच्या कौटुंबिक मालमत्तेवर दिराने हक्क सांगितला आणि हिंदू कायद्याने या बाईला दाखवून दिले, की तू कुणाचीही लेक असलीस तरी आमच्या शास्त्रात तू फक्त एक निपुत्रिक विधवा आहेस. पोटच्या तीन मुली असूनही 'निपुत्रिक'!

विजयालक्ष्मी पंडित यांचे नाव आपल्या वाचकांना नेहरूंची बहीण म्हणून ठाऊक असते, फार तर युनोच्या पहिल्या महिला अध्यक्षा म्हणून. काँग्रेसी लेखक त्यांच्यावर हार-तुरे चढवतात, आपण त्या वाटेला जात नाही. पण बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर लाथ का मारली, हे समजून घ्यायचे असेल तर या बाईंचे चरित्र एकदा उलगडून पाहायला हवे.

१८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबादेत जन्म. माहेरचे नाव स्वरूपकुमारी. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. शिकवायला घरी इंग्रज बाई होती. आपल्या आयाबहिणी शाळेत गेल्या नाहीत त्या शाळेने दार लावून घेतले म्हणून, आणि या गेल्या नाहीत त्या शाळाच घरी चालत आली म्हणून! हा फरक पुढे वाचताना ध्यानात ठेवावा. १९२१ मध्ये त्यांचा विवाह बॅरिस्टर रणजित पंडित यांच्याशी झाला. पंडितांचे घराणे मूळचे कोकणातले, मराठी ब्राह्मण, काठेवाडात राजकोटला स्थायिक झालेले. रणजितराव संस्कृतचे जाणकार होते. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. लग्नानंतर स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. म्हणजे आडनावाबरोबर स्वतःचे नावही सासरच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे लागले.

अलाहाबाद नगरपालिकेतून त्यांचे राजकारण सुरू झाले. १९३७ च्या निवडणुकीत त्या कानपूर भागातून प्रांतिक विधानसभेवर गेल्या आणि गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य व आरोग्य खात्याच्या मंत्री झाल्या. मंत्रिपदाची खुर्ची मिळालेली ही पहिली भारतीय स्त्री. त्या मानाचे महत्त्व कमी करायचे कारण नाही. फक्त मतदार कोण होते तेही सांगायला हवे. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मताचा हक्क मालमत्तेवर, शिक्षणावर किंवा मतदार असलेल्या नवऱ्यावर अवलंबून होता. गावकुसाबाहेरच्या बाईकडे यातले काय होते? प्रौढ मताधिकाराची मागणी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे मांडली होती, ती याचसाठी.

विजयालक्ष्मीबाई तीनदा तुरुंगात गेल्या. पहिल्यांदा १९३२ मध्ये, शेवटी 'चले जाव'च्या वेळी. त्यानंतर पतीचा मृत्यू आणि मालमत्तेचा तो प्रकार. कायद्याची स्थिती काय होती? मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांनी खटपट करून १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा करून घेतला होता. पण त्याने विधवेला मिळाला तो हयातीपुरता मर्यादित हक्क. विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. मुलींना काहीच नाही. शेतजमिनीला तर हा केंद्रीय कायदा लागूच होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरवून टाकले. आनंदभवनात वाढलेल्या स्त्रीची ही गत, तर खेड्यापाड्यातल्या हिंदू विधवेचे काय होत असेल? सवर्ण स्त्रीसुद्धा या व्यवस्थेची गुलामच आहे, असे बाबासाहेब सांगत तेव्हा ज्यांना राग येई, त्यांनी ही हकीगत वाचावी.

थोरल्या दोन मुली अमेरिकेत शिकत होत्या. १९४४ च्या अखेरीस विजयालक्ष्मीबाई अमेरिकेला गेल्या आणि गावोगाव व्याख्याने देऊ लागल्या. १९४५ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची स्थापना परिषद भरली. तिथे हिंदुस्थानचे शिष्टमंडळ इंग्रज सरकारने नेमलेले होते, प्रमुख होते सर रामस्वामी मुदलियार. विजयालक्ष्मीबाईंना आत जागा नव्हती. त्यांनी बाहेर सभा घेतल्या, पत्रकारांना गाठले, परिषदेला निवेदन दिले आणि हे शिष्टमंडळ हिंदी जनतेचे नाही असे जगाला सांगितले. कुठलेही पद हातात नसताना केलेले हे काम त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला अधिक मोलाचे वाटते.

पुढच्याच वर्षी त्या अधिकृत शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून युनोच्या आमसभेत बसल्या. दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये हिंदी लोकांच्या जमीन खरेदीवर आणि वस्तीवर बंधने घालणारा कायदा केला होता. हिंदुस्थानने तक्रार केली. समोर फील्ड मार्शल स्मट्स, ज्यांचा युनोच्या सनदेच्या प्रस्तावनेत हात होता! त्यांचा बचाव असा, की हा आमच्या घरातला प्रश्न, बाहेरच्यांनी त्यात नाक खुपसू नये. विजयालक्ष्मीबाईंनी तो टिकू दिला नाही. माणसाला कातडीवरून हीन ठरवणे हा कोणत्याही देशाचा खासगी मामला असू शकत नाही, अशी त्यांच्या मांडणीची दिशा होती. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव मंजूर झाला. ७ देश तटस्थ राहिले. दोनतृतीयांश बहुमताची अट पार झाली.

इथवर कौतुक. आता दुसरी बाजू. त्याच चर्चेत दक्षिण आफ्रिकेने भारताकडे बोट दाखवले, की तुमच्या घरातल्या अस्पृश्यांचे काय? बोलणारे वर्णद्वेष्टे होते, त्यांचा हेतू कपटी होता, हे मान्य. पण प्रश्न खोटा नव्हता. नाताळमध्ये ऊसमळ्यांवर १८६० पासून करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या ज्या माणसांच्या वतीने भारत भांडत होता, त्यांत अस्पृश्य आणि शूद्र जातींची माणसेही मोठ्या संख्येने होती. परदेशात गोऱ्याने त्यांना वेगळ्या वस्तीत ढकलले की तो जागतिक अन्याय, आणि मायदेशी महारवाडा, चमारटोला हा मात्र अंतर्गत प्रश्न?

तेच वर्ष आपल्या चळवळीसाठी कसे होते ते आठवा. कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांना वाऱ्यावर सोडले म्हणून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पुण्यात आणि लखनौतही सत्याग्रह केला. लखनौच्या सरकारात तेव्हा विजयालक्ष्मीबाई पुन्हा मंत्री होत्या. त्या न्यूयॉर्कला निघाल्या त्याच सुमारास, ऑक्टोबरमध्ये, बाबासाहेब अस्पृश्यांचे गाऱ्हाणे घेऊन लंडनला इंग्रज पुढाऱ्यांची दारे ठोठावत होते. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी युनोला दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांनीही तसा अर्ज करावा असा विचार चालू होता. एकाच सभागृहाकडे दोन भारत पाहत होते. एकाला व्यासपीठ मिळाले, दुसऱ्याला अर्जाची प्रत मागावी लागली. आणि २००१ मध्ये दर्बानच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारने काय पवित्रा घेतला? जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा आतला प्रश्न. स्मट्सची पळवाट, त्याच्याच देशात, आपल्या सरकारने वापरली!

घटना समितीत विजयालक्ष्मीबाई होत्या, तशाच कोचीनच्या पुलया समाजातल्या दाक्षायणी वेलायुधनही होत्या. समितीतल्या त्या एकमेव दलित स्त्री, विज्ञानाच्या पदवीधर. स्वातंत्र्यानंतर विजयालक्ष्मीबाई मॉस्कोला पहिल्या राजदूत म्हणून गेल्या, १९४९ मध्ये वॉशिंग्टनला. दाक्षायणींना वकिलात कुणी दिली नाही. लायकी विजयालक्ष्मीबाईंकडे होती, यात शंका नाही. पण लायकीला दार उघडून देणारा भाऊ पंतप्रधान होता, हेही तितकेच खरे. मॉस्कोत स्टॅलिनने त्यांना भेट दिली नाही. अमेरिकेत त्यांचा जम बसला, तिथे असताना १९५१ मध्ये दुष्काळी भारतासाठी २० लाख टन गव्हाच्या कर्जाचा प्रश्न सुटला.

त्या परदेशी असतानाच दिल्लीत बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी एकाकी झुंजत होते. विधवेला संपूर्ण मालकी हक्क, मुलीला बापाच्या संपत्तीत वाटा, घटस्फोटाचा अधिकार. म्हणजे १९४४ मध्ये पंडितांच्या घरात जे घडले ते पुन्हा कुठल्या घरात घडू नये, असाच तो कायदा होता. तो लाभणार होता मुख्यतः सवर्ण, मालमत्ताधारी घरांतल्या स्त्रियांना. गमावणार होता आपला माणूस! सनातन्यांनी बाबासाहेबांच्या नावाने शंख केला. पंतप्रधानांनी आधी भरवसा दिला आणि मग पाय मागे घेतला. सख्ख्या बहिणीचा अनुभव घरात असलेल्या माणसानेही! २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. वारसा कायदा तुकड्याने आला तो १९५६ च्या जूनमध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाआधी सहा महिने. तेव्हा विजयालक्ष्मीबाई लंडनला उच्चायुक्त होत्या.

मधल्या काळात, १९५२ मध्ये त्या लखनौहून लोकसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी सदिच्छा मंडळ घेऊन चीनला जाऊन आल्या आणि भारावून परतल्या. चीनबाबत बाबासाहेब सावध करत होते, ते कुणी ऐकले नाही. १५ सप्टेंबर १९५३ रोजी थायलंडचे प्रिन्स वान यांना हरवून त्या आमसभेच्या अध्यक्षा झाल्या. त्या खुर्चीवर बसणारी जगातली पहिली स्त्री. पतीच्या घरात जिचा वाटा नाकारला गेला ती आता राष्ट्रांच्या सभेचे कामकाज चालवत होती.

चीनशी युद्ध थांबून आठवडा होतो न होतो तोच, २८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईत आल्या. महाराष्ट्राच्या या पहिल्या महिला राज्यपाल. कन्नमवारांच्या निधनानंतर वसंतराव नाईकांचे मंत्रिमंडळ त्यांच्याच काळात आले. नेहरू गेले आणि त्यांच्या फुलपूर मतदारसंघासाठी ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी राजभवन सोडले. त्याला दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचे भूमिहीन तुरुंग भरू लागले. जमिनीच्या वाट्याचीच ती लढाई, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

फुलपूर त्यांनी दोनदा जिंकले, पण भाचीच्या राज्यात त्यांचे मन रमले नाही. १९६८ मध्ये खासदारकी सोडून त्या डेहराडूनला गेल्या. आणीबाणीनंतर, बाबू जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले त्या १९७७ च्या फेब्रुवारीत, सत्त्याहत्तरीतल्या विजयालक्ष्मीबाई निवृत्ती मोडून इंदिरा गांधींच्या विरोधात प्रचाराला उतरल्या. घराण्यामुळे जे मिळाले ते त्यांनी घेतले होते. घराण्याविरुद्ध उभे राहायची वेळ आली तेव्हाही त्या मागे हटल्या नाहीत, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. १९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडूनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्या तीन लेकींना १९४४ मध्ये जो वाटा नव्हता, त्यापैकी एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा १९५६ च्या कायद्यातही आला नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला. साऱ्या देशात तो लागू व्हायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला.