खडू हाती घेतलेला सेनापती : केमाल अतातुर्क

इतिहास थोर माणसे घडवितात, की काळच थोर माणसांना घडवितो? हा प्रश्न फार जुना आहे. आधुनिक तुर्कस्तानचे शिल्पकार मुस्तफा केमाल यांच्या चरित्रात त्याचे उत्तर शोधता येते.

मुस्तफा यांचा जन्म १८८१ मध्ये सॅलोनिका येथे झाला. आज ग्रीसमध्ये असलेले हे शहर त्या वेळी ऑटोमन साम्राज्यात होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आईच्या मनात नसतानाही त्यांनी लष्करी शाळेत प्रवेश मिळविला आणि पुढे ते सेनाधिकारी झाले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, गॅलिपोली येथे त्यांनी ब्रिटिशांच्या बलाढ्य फौजांना थोपवून धरले. त्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले.

तरीही १९१८ मध्ये साम्राज्याचा पराभव झाला. विजयी राष्ट्रे त्याचे लचके तोडू लागली. राजधानीतील सुलतान हतबल होता. अशा वेळी १९ मे १९१९ रोजी केमाल काळ्या समुद्राकाठच्या सामसून बंदरात उतरले आणि त्यांनी प्रतिकाराची संघटना उभारण्यास आरंभ केला. सुलतानाच्या सरकारने त्यांना मृत्युदंड फर्माविला. पण ते डगमगले नाहीत. १९२० मध्ये अंकारा येथे राष्ट्रीय सभा भरली. इनेबोलू बंदरात उतरलेला दारूगोळा शेतकरी स्त्रियांनी बैलगाड्यांतून आघाडीकडे पोहोचविला. १९२२ मध्ये युद्ध जिंकले गेले आणि २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. केमाल पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

१९२४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने खलिफापद रद्द करण्यात आले. त्याचे पडसाद थेट भारतात उमटले. महात्मा गांधींनी पाठिंबा दिलेल्या खिलाफत चळवळीचा आधारच त्यामुळे नाहीसा झाला. एका नेत्याचा निर्णय किती दूरवर पोहोचतो, हे यावरून दिसते.

परंतु त्यांचे सर्वांत धाडसी कार्य रणांगणाबाहेरचे होते. १९२७ साली देशात शंभरांपैकी जेमतेम दहा-अकरा जणांना लिहिता-वाचता येत होते. १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारण्यात आली. स्वतः राष्ट्राध्यक्ष गावोगावी फळ्यापुढे उभे राहून खडूने नवी अक्षरे समजावून देऊ लागले. १९२९ पासून प्रौढांसाठी 'राष्ट्रशाळा' सुरू झाल्या. दिवसभर राबणारे स्त्री-पुरुष तेथे प्रथमच अक्षरे गिरवू लागले. १९३५ पर्यंत साक्षरतेचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले.

या चित्राला काळी बाजूही आहे. विरोधी पक्ष टिकू दिले गेले नाहीत. १९२५ चे कुर्द बंड कठोरपणे मोडण्यात आले. लिपी बदलल्यामुळे पुढच्या पिढ्यांना आजोबांची पत्रेही वाचता येईनात. नेत्याच्या हाती मोठी सत्ता एकवटली, की त्याच्या चुकांची किंमतही सर्वांना मोजावी लागते.

१९३४ मध्ये राष्ट्रीय सभेने त्यांना 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले.

साम्राज्य कोसळले नसते, तर केमाल कदाचित एक कर्तबगार सेनाधिकारीच राहिले असते. संधी काळाने दिली. ती ओळखून दिशा दाखविण्याचे काम त्यांनी केले. मात्र बैलगाडी हाकणारी स्त्री आणि उतारवयात पाटी हाती घेणारा शेतकरी यांच्यावाचून ती दिशा केवळ कागदावरच राहिली असती.